कोबीचा महिना

१ तारीख

चिरंजीवांनी सकाळी चहाच्या वेळी घसा साफ केला. हा घसा साफ करतो तेव्हा बातमी वाईट असते. शाळेतून निकाल आणायचा तेव्हाही असंच करायचा. लिफ्ट दुरुस्तीच्या त्याच्या कंपनीने जादा कामाचे तास बंद केले आहेत. राहिलेल्या पगारात घराचा हप्ता आणि घरखर्च दोन्ही मावत नाहीत. तेव्हा हा एक महिना किराणा, भाजी, दूध, साबण, सगळं मिळून नेहमीच्या दोन तृतीयांशात बसवून बघायचं. बसलं तर ठीक. नाही बसलं तर मागची खोली भाड्याने द्यायची.

मागच्या खोलीत मी राहते.

"आणि मी कुठे जायचं?" मी विचारलं.

तो कपात बघत म्हणाला, "थोडे महिने ताईकडे राहशील. ती तर कधीपासून बोलावतेच आहे."

बोलावते, खरं आहे. माझी लेक मायाळू आहे, जावईही चांगले आहेत. पण गाव लांब, आणि त्यांच्या घरात सगळं इतकं चकचकीत की दारातलं पायपुसणंसुद्धा माझ्या चपलांपेक्षा महाग. तिथे मी आठ दिवस पाहुणी म्हणून बरी. पुढे मला स्वतःचाच कंटाळा येतो.

परवा नवरा-बायकोची कुजबुज चालली होती, तेव्हा सूनबाईंचं एक वाक्य मला ऐकू आलं होतं. "आईंना तू सांगू नकोस, मी सांगते." म्हणजे हे डोकं कुणाचं, ते कळलं. एरवीही आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ती मीठ कमी घालते, मी जास्त. ती खिडकी उघडते, मी लावते.

मग मीच म्हटलं, "महिनाभर स्वयंपाकघर माझ्या ताब्यात द्या." उभी हयात इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेली माझी. तीन वॉर्डांचं जेवण माझ्या शब्दावर शिजायचं. हाताखालचे लोक मला पाठीमागे जमादारीण म्हणायचे आणि मला ते आवडायचं. चार माणसांचं घर म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

सूनबाई म्हणाल्या, "आई, दमाल तुम्ही."

मी म्हटलं, "बघू कोण दमतं."

चिरंजीवांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात महिन्याचे पैसे घातले आणि डबा फळीवर ठेवला. महिना संपायच्या आत डबा रिकामा झाला तर मी हरले.

इस्पितळात रोज संध्याकाळी अहवाल लिहावा लागायचा. हा घरचा अहवाल. वाचायला साहेब कुणी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

२ तारीख

घाऊक बाजारात जाऊन आले. कोपऱ्यावरचा दुकानदार ज्या भावाने एक कोबी देतो, त्या भावात तिथे तीन येतात. अट एवढीच की पोतं घ्यावं लागतं. मी आयुष्यात कोबी नगावर घेतलेलाच नाही, पोत्यावरच घेतलाय. घेतलं.

बसमध्ये कंडक्टरने पोत्याचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, पोतं मांडीवर घेते. त्याने पोत्याकडे बघितलं, माझ्या मांडीकडे बघितलं आणि तिकीट फाडलं.

घरी नातीने दार उघडलं. तिला आम्ही चिमणी म्हणतो, पण खाते हत्तीसारखी. चौदा वर्षांची आहे, वाढीचं वय. पोतं बघून म्हणाली, "आजी, कोण येणार आहे जेवायला?"

"कुणी नाही."

"मग हे कोण खाणार?"

"पेशंट," मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलंच.

४ तारीख

इस्पितळाचा नियम लागू केला: एक डाव, एक माणूस. डाव सपाट, शीग नाही. दुसऱ्यांदा मागायचं असेल तर कारण सांगायचं. चिमणीने कारण सांगितलं, "भूक." वाढला दुसरा डाव. मी जमादारीण असेन, राक्षसीण नाही.

स्वतःसाठी मी अर्धाच डाव घेते. वाढणारीने शेवटी आणि कमी घ्यावं, ही माझी जुनी शिस्त. तर सूनबाई आज जेवताना सारख्या माझ्या ताटाकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्याच, "आई, तुम्ही एवढंच घेतलंत?" आता माझ्या ताटावरसुद्धा पहारा! मी म्हटलं, "माझ्या वयाला पुरतं."

पहिल्या दिवशी कोबीची भाजी, दुसऱ्या दिवशी कोबी-भात, आज कोबीचं सूप. सूप चांगलं झालं होतं. चिरंजीव म्हणाले, "आई, छान आहे," आणि पाणी प्यायले.

७ तारीख, रविवार

सूनबाई आज सुट्टीच्या दिवशीही चष्म्याच्या दुकानात कामाला गेल्या. म्हणे, माल मोजायचा आहे. आता महिन्यातले सगळे रविवार जाणार म्हणे. चष्मे ते चष्मे, ते काय मोजायचेत एवढे? घरात थांबायला नको, दुसरं काय. माझ्या हाताचं कोबीचं जेवण टाळायचं तर सरळ सांगावं.

संध्याकाळी थकून आल्या आणि बूट न काढताच खुर्चीत बसल्या. मी चहा दिला. कपात साखर रोजच्यापेक्षा अर्धा चमचा जास्त घातली, पण ते काही त्यांना सांगितलं नाही. डोक्यावर बसतील.

८ तारीख

चांगली बातमी. तेलाचा कॅन मी रोज सकाळी उचलून बघते. माझा हात हाच माझा तराजू आहे. चार दिवसांपूर्वी कॅन जेवढा जड होता, आजही तेवढाच आहे. म्हणजे मी तेल किती जपून वापरते बघा. मी चिरंजीवांना सांगितलं, "तेल संपतच नाही."

तो म्हणाला, "कमाल आहे, आई."

सूनबाई भांडी पुसत होत्या. काही बोलल्या नाहीत. कौतुक करायला जीभ जड होते माणसाची.

११ तारीख

कोबीला कंटाळून चिमणीने संप केला. ताटासमोर हाताची घडी घालून बसली. "आजी, आपण आजारी आहोत का?" म्हणाली. "नाही तर मग इस्पितळातलं जेवण का?"

मी म्हटलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला! इस्पितळातलं जेवण खाऊन माणसं बरी होऊन घरी जायची."

"घरी जायला मिळावं म्हणूनच बरी होत असतील," तिचा बाप म्हणाला. आणि सगळे असे हसले की मलाही हसू आवरेना. मग मी अंडी उकडली, प्रत्येकाला एक. अंदाजपत्रकात नव्हती. पण संप मिटवायचा तर व्यवस्थापनाला काहीतरी द्यावं लागतं.

१२ तारीख

चिमणी दुपारी घरीच. विचारलं, पोहायला का नाही गेलीस? म्हणाली, तलावाचं पाणी बदलतायत. महिनाभर बंद.

महिनाभर! तलाव आहे की समुद्र? या पोरीला पोहण्याशिवाय चैन पडत नाही, आणि आता बिचारी घरात लोळत पडलीये. मी म्हटलं, तलाववाल्यांना फोन करून खडसावते. तर ही घाईघाईने म्हणाली, "नको आजी, मलाच कंटाळा आलाय पोहण्याचा." या वयात आवडीनिवडी अशाच, आज एक, उद्या दुसरी.

१५ तारीख

अर्धा महिना. डबा खाली काढून पैसे मोजले. हिशेबाप्रमाणे असायला हवेत त्याहून थोडे जास्त भरले. दोनदा मोजले. म्हणजे आधी कधीतरी मोजताना मी चुकले असणार. वय झालं. पण चूक आपल्या बाजूची असली की वयाचंही वाईट वाटत नाही.

साखरही तेलासारखीच. तळ दिसायला हवा होता, दिसत नाही. साबणाची वडी तर आठवडाभरात झिजलीच नाही. एवढंच की आधी पिवळी होती, आता हिरवी वाटते. डोळे तपासून घ्यायला हवेत. सून चष्म्याच्या दुकानात आहे, तेवढा तरी उपयोग व्हावा.

१८ तारीख

शेवटचे पाच कोबी काळे पडायला लागले होते. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला दोन दिले, समोरच्या बाईंना दोन, आणि एक जिन्यात भेटलेल्या पोस्टमनला. त्याने पत्र दिलं, मी कोबी दिला. तो बराच वेळ कोबी हातात धरून उभा होता.

तर पोतं मला एकंदरीत स्वस्त पडलं की महाग, याचा विचार मी मनातल्या मनात केला आणि मग सोडून दिला.

चिरंजीव आजकाल कामावर पायी जातात. बसने का नाही, विचारलं तर म्हणाले, "पोट सुटलंय." कुठे सुटलंय? माझ्या राज्यात कुणाचं पोट सुटणं शक्यच नाही. तरी चालणं चांगलं.

२१ तारीख, रविवार

लेकीचा फोन. "आई, तुझ्यासाठी खोली तयार करून ठेवलीये, नवे पडदे लावलेत." मी म्हटलं, "पडदे काढून ठेव, मी येत नाही. मी जिंकतेय."

"कुणाशी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "गॅसवर दूध आहे."

फोन ठेवला आणि खोलीत येऊन बसले. दुपारी या खोलीत ऊन पलंगाच्या पायापर्यंत येतं. स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं इथे: नळ, चमचे, चिमणीची बडबड, सून पातेलं आपटते ते. पातेलं आपटलं की मी इथून ओरडते, "हळू!" आणि ती तिथून म्हणते, "हातातून सुटलं!" रोज सुटतं. लेकीच्या घरी पातेल्यांचा आवाज येत नाही. मला भीती वाटते त्या घराची, हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

२५ तारीख

वाटाण्याचं सूप आणि पाव. चिमणीने कारण न सांगता तीन डाव मागितले, दिले. डब्यात अजून पुष्कळ पैसे आहेत. मला स्वतःलाच माझं आश्चर्य वाटायला लागलंय. इस्पितळाच्या व्यवस्थापकाने मला असं काम करताना पाहिलं असतं तर निवृत्त होऊच दिलं नसतं.

आज सूनबाईंशी खिडकीवरून खटका उडाला. मी लावली, तिने उघडली. शेवटी म्हणाली, "आई, पाच दिवस राहिलेत. पाच दिवस तरी धीर धरा." धीर धरा! पाच दिवसांनी मी जाणार या हिशेबाने बोलत असेल तर मोठीच निराशा होणार आहे तिची.

३० तारीख

हे आज संध्याकाळी घडलं. लिहिताना मधेच हसू येतंय, त्यामुळे अक्षर बिघडलं तर बिघडो.

जेवणं झाल्यावर चिरंजीवांनी डबा फळीवरून काढला आणि टेबलावर उपडा केला. मी पदवीदान समारंभाला बसावं तशी ताठ बसले होते. त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आई, बरेच उरलेत."

"हात बसलाय माझा," मी म्हटलं.

"पण एवढे कसे? मी तर फक्त..." आणि थांबला.

चिमणी खो खो हसायला लागली. "बाबा, तुम्ही फक्त किती टाकलेत?"

"कशात?"

"डब्यात. बसचे पैसे. मी दोनदा बघितलंय तुम्हाला."

"तू कसं काय बघितलंस?"

"मी पण टाकायलाच आले होते ना."

पोहण्याच्या तलावाचं पाणी कुणी बदललं नव्हतं. पोरीने महिन्याचा पासच काढला नव्हता, आणि ते पैसे एकेक करून डब्यात सोडत होती. माझा पोरगा रोज दोन वेळा एवढं अंतर पायी तुडवून बसचं भाडं माझ्या डब्यात टाकत होता. ज्याने नियम केला, त्यानेच मोडला; कुंपणानेच शेत खाल्लं!

मग माझं लक्ष सूनबाईंकडे गेलं. ती उठून ओट्याशी उभी राहिली होती, आमच्याकडे पाठ करून.

मी उठले. तेलाचा कॅन उचलला. महिनाअखेरीला कॅन काठोकाठ भरलेला.

"हे तेल," मी म्हटलं.

"संपत नव्हतं ना तुमचं," ती म्हणाली. अजून पाठच.

"आणि साखर?"

"साखर पण."

"तांदूळ? साबण?"

"पिवळा साबण मिळाला नाही आई, म्हणून हिरवा आणला. मला वाटलं, पकडलंत तुम्ही."

दुकानात माल वगैरे काही मोजायचा नव्हता. रविवारी ती जादा पाळी करत होती आणि त्या पैशांचं तेल आणून, रात्री मी झोपले की, कॅनमध्ये ओतत होती.

चिरंजीवांनी पाठकोऱ्या कागदावर सगळ्यांचे आकडे मांडले: डब्यातलं, बसचं, पोहण्याचं, तेला-साखरेचं. बेरीज केली आणि डोकं धरलं. महिनाभर काटकसर करून घरखर्च गेल्या महिन्याएवढाच झाला होता. थोडा जास्तच. कोबीमुळे.

तो आधी हसला. मग चिमणी, मग मीही. हसता हसता कधी डोळे भरले, कळलं नाही. कारण हसण्याच्या शेवटी सगळ्यांच्याच लक्षात आलं की आता खोली द्यावी लागणार. सगळे माझ्या बाजूचे होते आणि तरी मी हरले होते.

मी म्हटलं, "चला, लेकीला फोन करते," आणि खोलीत येऊन दार लावलं. खरं सांगायचं तर रुसले नव्हते, लाजले होते. महिनाभर ज्या फौजेची सेनापती म्हणून मिरवलं, तीच फौज मला उचलून चालत होती.

१ तारीख, नवा महिना

सकाळी बॅग काढून पलंगावर ठेवली. कपडे भरायला लागले तेवढ्यात चिरंजीव दारात. घसा साफ केला नाही, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

"कुठे निघालीस?"

"खोली द्यायची आहे ना?"

"खोली द्यायची आहे. तुला पाठवायचं आता कोण म्हणतंय?" तो बॅगेतले कपडे बाहेर काढू लागला. "तू चिमणीच्या खोलीत. कालच ठरलं. आई, तुला ठेवण्यासाठी घरात एवढी चोरी झाल्यावर तुला पाठवू कसा मी?"

चिमणी पाठीमागून ओरडली, "आजी, एकच अट, घोरायचं नाही!"

"मी घोरत नाही," मी म्हटलं. तिघंही एकमेकांकडे बघून गप्प राहिले.

नंतर चिरंजीव कामाला गेले, चिमणी शाळेत गेली. सूनबाई आज उशिरा जाणार होत्या. माझं सामान पलीकडे हलवायला आल्या, उशा छातीशी धरून. मी विचारलंच. महिनाभर मनात होतं ते बाहेर पडलं.

"तूच म्हणाली होतीस ना, आईंना मी सांगते म्हणून? मला वाटलं, मला घालवायचा बेत तुझाच आहे."

ती म्हणाली, "आई, त्याला नीट सांगता येत नाही म्हणून म्हणाले मी. तो कपात बघून बोलतो. मी सांगितलं असतं तर आधी म्हटलं असतं की तुम्ही जाऊ नये असंच आम्हाला वाटतं, आणि मग बाकीचं."

"आणि पाच दिवस धीर धरा म्हणालीस ते?"

"तेल पुरत नव्हतं हो मला! तेल संपत नाही म्हणून तुम्ही तळत होतात. पाच दिवस कसे काढायचे याच विवंचनेत होते मी."

मी पलंगावर बसले. ती पण उशांसकट शेजारी बसली. अशा आम्ही दोघी शेजारी शेजारी कधी बसत नाही; समोरासमोरच असतो.

"का केलंस गं एवढं?" मी विचारलं.

तिने उशीचा अभ्रा सारखा केला. "तुम्ही अर्धा डाव घ्यायला लागलात तेव्हा मला घास जाईना. आणि खरं सांगू?" मग हसली. "तुम्ही गेलात तर मी दिवसभर भांडायचं कुणाशी? तो तर ऐकूनच घेतो."

मी तिच्या हातातली एक उशी घेतली, तेवढंच ओझं कमी. मग आम्ही दोघींनी मिळून माझं कपाट चिमणीच्या खोलीत सरकवलं. ती म्हणाली खिडकीशेजारी ठेवू, मी म्हटलं दाराशेजारी, आणि चांगला अर्धा तास भांडलो.